पाचशेतलं दोनशे अकरावं

तातेराव पाटलाच्या घड्याळात दोनदा पाणी शिरलं. पहिल्यांदा शिरलं तेव्हा आळ माझ्या नवऱ्यावर आला. दुसऱ्यांदा शिरलं ते माझ्यामुळे, आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. लोक म्हणतात, बाई, एवढ्या वर्षांनी कशाला उगाळता. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. कोण कोणत्या दिवशी गैरहजर होतं, हे मला वर्ष संपलं तरी तोंडपाठ असे. माझ्या डोक्याची ठेवणच तशी आहे, त्याला मी काय करू.

आणखी एक आधीच सांगते. तातेरावाला तोंडावर मी मालक म्हणायची, अहो-जाहो करायची. लिहिताना करणार नाही.

आमचे हे, हरिचंद, सेनगावला एस.टी. स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करायचे. पत्र्याची टपरी, पुढे काच, काचेमागे हे, उजव्या डोळ्याला भिंग. ह्यांच्या आजोबांनी बैलांवर मीठ वाहिलं, वडिलांनी कोरडवाहू कसली, आणि हे नांदेडला एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली राहून घड्याळाचं काम शिकून आले. उस्तादाने एक शिस्त लावून दिली होती. घड्याळाचं मागचं झाकण गिऱ्हाइकासमोर उघडायचं आणि गिऱ्हाइकासमोरच लावायचं. हे ती शिस्त उस्तादापेक्षा जास्त पाळायचे, कारण आम्ही तांड्यावरचे. आमच्याकडे वस्तू ठेवून जाणारा माणूस चार पावलांवर एकदा मागे वळून बघतोच, हे ह्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक घाईत असलं की हे म्हणायचे, "थांबा दोन मिन्टं, तुमच्यासमोर खोलतो. थांबणं व्हत नसंल तर उद्या या. मी एकटा खोलत नसतो."

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत पुसेगावच्या तातेराव पाटलाच्या हातात ते घड्याळ आलं. त्याचा मेहुणा मस्कतला नोकरीला होता, त्याने आणलेलं. समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या लोकांसाठी बनवलेलं स्विस घड्याळ. निळी तबकडी, भोवती आकडे कोरलेलं एक कडं, आणि ते कडं एकाच बाजूला फिरायचं. तबकडीवर लिहिलेलं होतं की तीनशे मीटर खोल पाण्यातही चालेल. आमच्या पुसेगावात सगळ्यात खोल विहीर साठ फुटांची, आणि चैत्र लागला की तिच्या तळाशी बेडूक दिसायचे. माझी शेजारीण भिकाबाई ऐकून म्हणाली, "तीनशे मीटर पाण्यात जायाचं तर आधी पाणी तर आणा म्हणावं पाटलाला."

पण भिकाबाई हसली तरी तिलाही ते जवळून बघायचं होतं. सगळ्यांनाच बघायचं होतं. मागच्या झाकणावर नंबर कोरलेला होता, पाचशेपैकी दोनशे अकरा. तसली पाचशेच बनवून कंपनीने काम थांबवलं होतं. तातेराव पारावर बसून घड्याळ उतरवून, उलटं करून तो नंबर दाखवायचा आणि लोक एकमेकांत विचारायचे, बाकीचे चारशे नव्व्याण्णव कोण असतील? कुणी म्हणे अरबस्तानचे शेख, कुणी म्हणे विलायतेचे राजे. त्या यादीत आपला तातेराव आहे, या गोष्टीचा गावाला उगाचच अभिमान वाटायचा. मलाही थोडा वाटला होता. खोटं कशाला सांगू.

घड्याळाचा पट्टा त्याच्या मनगटाला सैल होत होता. दोन कड्या काढायला तो ह्यांच्या टपरीत आला. त्या दिवशी रविवार होता, मी डबा घेऊन टपरीत होते.

ह्यांनी घड्याळ हातात घेतलं. तळहातावर तोलून बघितलं. कानाला लावलं. मग माझ्या कानाला लावलं. आमच्याकडची घड्याळं टिकटिक करत, हे पीठ चाळल्यासारखं बारीक, सलग वाजत होतं. सेकंदाचा काटा थांबत थांबत जात नव्हता, वाहत होता. ह्यांनी कड्या काढल्या, पट्टा जुळवला आणि लेकरासारखे म्हणाले, "मालक, एक मिनिट घोंगडीखाली घेऊ का? आकडे उजळतेत म्हणतात."

"घे की. हरचंद्या, हपापला का रं?" तातेराव हसला.

भर दुपारी हे डोक्यावरून घोंगडी घेऊन बसले. आतून मला म्हणाले, "मास्तरीण, ये, बघ." मी डोकं आत घातलं. काळोखात हिरवे ठिपके गोल बसलेले होते, काजव्यांनी पंगत धरावी तसे. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर तातेराव कुणाला तरी म्हणत होता, "बघा, नवरा-बायकोनं संसार थाटला माझ्या घड्याळात." आम्ही बाहेर आलो तेव्हा माझे केस विस्कटलेले आणि सगळा स्टँड हसत होता. ह्यांना त्याचं काही नव्हतं.

घड्याळ परत देताना हे एवढंच म्हणाले, "मालक, याच्या चावीला आटे हायेत. तारीख नाहीतर टाइम बदलायचा तर चावी उलटी फिरवून मोकळी करायची, मग ओढायची. काम झालं की आत दाबून पुन्हा आवळायची. न्हाई आवळली तर पाणी आत जाईल, मग तीनशे मीटर असो की तांब्याभर असो."

"आता तू मला घड्याळ घालायचं शिकवतो का रं?"

"न्हाई मालक, आपलं सांगून ठेवलं."

झाकणाला ह्यांनी हात लावला नाही. उघडून बघायची केवढी इच्छा झाली असेल, ते मी ह्यांच्या चेहऱ्यावर बघत होते. पण तातेराव "उघड" असं म्हणाला नाही, म्हणून उघडलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी तातेरावाच्या मुलीचं, कोमलचं लग्न आलं. एक मे, नव्व्याण्णव. त्याच दिवशी परभणीपासून तुटून आमचा हिंगोली जिल्हा झाला. सकाळी शाळेत झेंडावंदन करून, पोरांना पेढे वाटून मी तशीच मांडवात गेले. कोमल माझीच विद्यार्थिनी.

पाटलांच्या घरी लग्नाची वेळ घटिकेवर धरायची जुनी रीत होती. तांब्याचं घंगाळ पाण्याने भरायचं, त्यावर तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटीत हळूहळू पाणी चढतं आणि ती बुडाली की एक घटिका झाली. गावाने ती रीत केव्हाच सोडली होती, पाटलांनी मानापोटी धरून ठेवलेली. त्या दिवशी तातेरावाने जाहीर केलं की घंगाळात वाटीशेजारी त्याचं घड्याळही सोडायचं. पाण्यातल्या घड्याळावर मुहूर्त लागेल. असं लग्न जिल्ह्यात झालं नसेल. आणि जिल्हा तर त्या दिवशी सकाळीच जन्मलेला.

तो घड्याळ उतरवून सगळ्यांना दाखवत होता, तेवढ्यात व्याही वाकून म्हणाले, "पाटील, घड्याळ झकास हाय, पण तारीख एकतीस काहून दाखवून राहिलं? तुमच्या पुसेगावात एप्रिलला एकतीस दिवस असतेत का?"

मांडव हसला. तातेराव ओशाळला. उन्हात उभ्या उभ्याच त्याने चावी मोकळी केली, ओढली, तारीख एकवर आणली आणि घड्याळ तसंच पाण्यात सोडलं. मी चार हातांवर उभी होते. मी हे डोळ्यांनी बघितलं, पण काय बघतेय ते मला त्या वेळी कळलं नाही.

पाच-सहा मिनिटांत काचेला आतून घाम आला. मग निळी तबकडी धुरकट झाली आणि काटा थांबला. गुरुजींनी स्वतःच्या मनगटावरच्या साध्या घड्याळात बघून अक्षता टाकायला लावल्या. व्याह्यांकडचं कुणीतरी म्हणालं, "तीनशे मीटर घंगाळ दिसतंय," आणि ते दिवसभर पंगतीपंगतीत फिरलं.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी कपाळावर हात मारला. "चावी उघडीच ठिवली असंल. उन्हात तापलेलं घड्याळ गार पाण्यात टाकलं, की आतली हवा आक्रसते अन् पाणी आत ओढून घेते. अरारा. असलं घड्याळ!" ह्यांना घड्याळाचं वाईट वाटत होतं. पुढे काय येणार आहे, हे ह्यांच्या मनातही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तातेराव चार माणसं घेऊन टपरीत आला. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. तो मोठ्याने म्हणाला, "आतलं मशीन काढून घेतलं यानं. दोन कड्या काढायला दिलं होतं, मशीनच बदललं!"

हे म्हणाले, "मालक, झाकण मी उघडलंच न्हाई. चावी आवळायची राहिली असंल, बघा."

"चावी मी आवळली होती. खोटं बोलतो? चावीचा काय संबंध? लमाणाच्या हातात घड्याळ दिलं, हीच माझी चूक. चोर साले."

त्याच्या माणसांनी टपरीतले खण काढून रस्त्यावर पालथे केले. बारीक काटे, स्क्रू, चाकं, बारा वर्षांत गोळा केलेली, सगळी मातीत. मशीन सापडलं नाही. "सापडलं न्हाई म्हंजे इकून टाकलं," तो म्हणाला. मला शाळेत निरोप आला आणि मी धावत आले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मालक, मी बघितलंय. तुमी तारीख बदलली अन् चावी न आवळता घड्याळ पाण्यात सोडलं."

"बाई, तुमी शाळा सांभाळा. नवऱ्याची बाजू बायको घेणारच."

त्यावर लोकांनी माना डोलावल्या. ज्यांच्या लेकरांना मी पाढे शिकवले, त्यांनी.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं आपापली घड्याळं न्यायला आली. एकजण यायचा, घड्याळ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "हरिचंद, एकदा झाकण उघडून दाखव." हे उघडून दाखवायचे. आतलं आतच आहे, हे बघून तो जायचा. मग दुसरा. आठवडाभर हे दुरुस्ती करत नव्हते, नुसती झाकणं उघडून दाखवत होते. दसऱ्याच्या आत टपरी बंद झाली. पुढे ह्यांनी शेतीच केली. आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा मी म्हणाले, एवढं बघा. ह्यांनी ते उतरवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हिंगोलीला टाकून ये." दोन हजार दोनच्या चैत्रात बांधावर बसल्या बसल्या हे गेले.

ह्यांच्या मागे वर्षभराने कोमल माहेरी आली होती. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी दिसली. कडेवर लेकरू. म्हणाली, "बाई, तुमाला एक सांगायचं हाय. लई दिवसांपासून सांगायचं हाय."

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर घड्याळ मेहुण्यामार्फत कंपनीकडे गेलं होतं. दिवाळीला ते दुरुस्त होऊन आलं, सोबत कागद. कागदात लिहिलेलं होतं की मशीन मूळचंच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही, चावी उघडी राहिल्याने पाणी गेलं. कोमल दिवाळसणाला आलेली. इंग्रजी कागद तिनेच बापाला वाचून दाखवला. तातेरावाने कागद चुलीत घातला आणि मायलेकींना म्हणाला, हे घराबाहेर गेलं तर बघा.

"तवा हरिचंदकाका होते," कोमल म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिला पाणी दिलं. मी रडले नाही. नव्व्याण्णवची दिवाळी. टपरी बंद होऊन महिनाही झाला नव्हता. हा माणूस एकदा स्टँडवर येऊन एक वाक्य बोलला असता तर पुढची अडीच वर्षं माझा नवरा मान वर करून चालला असता.

कागद जळालेला. मी सांगून कोण ऐकणार होतं? आणि कोमलचं नाव घेतलं तर तिचं माहेर तुटलं असतं. तेव्हा मी ठरवलं, की हे त्याच्याच तोंडून किंवा त्याच्याच हातून चारचौघांत बाहेर पडलं पाहिजे. कसं, ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्यावर नजर ठेवून राहिले.

दुरुस्त होऊन आल्यापासून त्याने घड्याळाचं आणखीच खूळ घेतलं होतं. झालेली फजिती धुऊन काढायची होती. भावकीतल्या प्रत्येक लग्नात घंगाळ मांडून तो घड्याळ बुडवायचा आणि ते चालतंय म्हणून दाखवायचा. "आता मशीन बराबर हाय, आता कुण्या लमाणाचा हात लागला न्हाई," असंही म्हणायचा. मी प्रत्येक लग्नाला जायची, पुढे बसायची. चावी तो घरूनच आवळून यायचा. लोकांसमोर तिला कधी बोट लावायचा नाही. तेवढी अक्कल त्याला आली होती, आणि तीच मला उपयोगी पडली.

पोरांना मी मुठीच्या हाडांवर महिने मोजायला शिकवत असे. तसंच मोजत मी बसायची. ज्या महिन्याला तीस दिवस, तो संपला की दुसऱ्या दिवशी घड्याळ एकतीस दाखवणार. म्हणजे एक मे, एक जुलै, एक ऑक्टोबर, एक डिसेंबर. दोन हजार चारला एक मेचं लग्न होतं, मी गेले. तारीख बरोबर होती, घरून लावून आला होता. पाचलाही तसंच. मी परत आले. मला घाई नव्हती.

दोन हजार सहाला त्याच्या मुलाचं, वैजनाथचं लग्न एक डिसेंबरला निघालं. पत्रिका हातात पडली आणि मी ती दोनदा वाचली. घरचंच कार्य. चार दिवसांपासून मांडव, हळद, पाहुणे, आचारी. अशा धांदलीत सकाळी घड्याळाची तारीख बघायला माणूस विसरतो. नसता विसरला, तर मी पुढच्या लग्नाची वाट बघितली असती.

मांडवात वैजनाथ माझ्या पाया पडला. पहिल्या रांगेत, घंगाळाशेजारी मला खुर्ची दिली. भिकाबाई माझ्या मागे. बँड थांबला. तातेरावाने घड्याळ उतरवून वर धरलं, व्हिडिओवाला जवळ आला. मी डोळे बारीक करून बघितलं. तबकडीवरच्या चौकोनात एकतीस.

मी बसल्या जागेवरून आवाज दिला.

"मालक, तारीख बघा. आज एक हाय. तुमचं घड्याळ एकतीस दाखवून राहिलंय."

लोक हसले. तातेराव खिशातला चष्मा हाताने चाचपत म्हणाला, "बाईंची नजर अजून शाळेचीच हाय!" चष्मा लावला, तारीख बघितली. क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. बाजूला जाऊन बदलायची सोय नव्हती, कॅमेरा समोर होता. त्याने चावी उलटी फिरवली, ओढली, तारीख एकवर आणली. आणि मी उभी राहिले.

"मालक, आता असंच सोडा पाण्यात."

"म्हंजे?"

"चावी आवळू नका. कोमलच्या लग्नात सोडलं होतं, तसंच सोडा." मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलत होते, शेवटच्या माणसापर्यंत जाईल असं. "हरिचंद म्हणत होते, चावी उघडी राहिली म्हणून पाणी गेलं. तुमी बाजारात म्हणालात, चावीचा संबंध न्हाई, लमाणानं मशीन चोरलं. आता मशीन कंपनीनं बराबर करून दिलंय. हरिचंद जाऊन चार वर्षं झाली. आता भेव कशाचं? सोडा."

मागे लेकरं दंगा करत होती, त्यांना कुणीतरी दटावलं. तातेरावाची दोन बोटं चावीवर होती. आवळली, तर तो स्वतःच कबूल करत होता की हरिचंद खरं बोलत होता. न आवळता सोडलं, तर घड्याळ जाणार होतं. हे त्याला कळलं होतं आणि त्याला कळलंय हे मला दिसत होतं. तो मला खाऊ का गिळू करून बघत होता. मीही बघत होते.

आणि नर्मदाबाई, त्याची बायको, करवलीचं ताट हातात धरून उभी होती, तिला राहवलं नाही. "आवं, बघत काय राहिलात? आवळा की ती चावी! मागं त्यानंच तर पाणी गेलतं, कंपनीवाल्यानं लिवलं न्हवतं का!"

बोलली आणि तिने हात तोंडावर नेला. ताट पडलं.

माझ्यामागून भिकाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका वं बायांनो, पाटलीणबाई काय म्हणून राहिल्या! कंपनीनं लिवलं होतं म्हणं!"

आता चावी आवळायला त्याला काहीच हरकत नव्हती. जे जायचं ते गेलं होतं, निदान घड्याळ तरी वाचलं असतं. पण तातेराव तातेरावच. त्याने बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "काय पाणी जात न्हाई!" म्हणून ओरडला आणि घड्याळ घंगाळात टाकलं.

सगळे पुढे वाकले. मीही. पाण्याखाली ती निळी तबकडी आणखीच निळी दिसत होती. चावीपाशी एक बुडबुडा आला, सुटला. मग दुसरा. काटा अजून वाहत होता. त्या घड्याळाचा काही गुन्हा नव्हता. अर्ध्या फुटावर माझा हात होता, आत घालून काढता आलं असतं. मी पदर आवरून हात मांडीवर ठेवले आणि ते बुडताना पूर्ण बघितलं. काचेला घाम आला, आकडे पुसट झाले, काटा एका जागी थरथरला आणि राहिला.

कुणी हसलं नाही. या वेळी गुरुजींनीही लगेच मंगलाष्टकं सुरू केली नाहीत.

एवढ्यावर मी थांबले असते का, मला माहीत नाही. थांबायची वेळ तातेरावानेच येऊ दिली नाही. दोनच महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या आणि तो उभा राहिला. पुसेगावच्या आजूबाजूला आमचे चार तांडे, त्यांच्या मतांशिवाय तिथे कुणी निवडून येत नाही. जीप घेऊन तो आमच्या तांड्यावर आला, नायकाच्या घरी. नायक शंकरसिंग म्हातारा माणूस. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालक, आमच्यात ज्याचं दुखलं त्याला आधी इचारतेत, मग बाकीचं. ते तिसरं घर धुरपताबाईचं."

तो माझ्या अंगणात आला. बाजेवर बसला. मनगटाला घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला होता, घड्याळ नव्हतं. म्हणाला, "बाई, झालं गेलं. मनात ठिवू नका."

"मालक, जे बोललात ते परत घ्या."

"घेतो की. नायकासमोर घेतो, इथंच."

"चोर तुमी तांड्यावर म्हणाला नव्हता. सेनगावच्या बाजारात म्हणाला होता. बाजाराच्या दिवशी, टपरी होती तिथं या."

"एवढ्या लोकांत?"

"तवाही एवढेच होते."

तो उठून गेला. मला वाटलं येणार नाही. पण मतांची गरज माणसाला कुठेही उभं करते. बाजाराच्या दिवशी अकरा वाजता तो आला. टपरीच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान झालं होतं. मी, भिकाबाई, शंकरसिंग आणि तांड्यावरची पंधरा-वीस माणसं आधीच उभे होतो. आम्हाला बघून बाजार गोळा झाला.

त्याने खाली बघत काहीतरी म्हटलं.

"मालक, मागच्या बाकावर ऐकू आलं न्हाई," मी म्हणाले.

खसखस पिकली. त्या गर्दीत माझे जुने विद्यार्थी निम्मे असतील. तातेरावाचे कान लाल झाले. तो मोठ्याने म्हणाला, "हरिचंदनं माझ्या घड्याळाचं झाकण उघडलं न्हवतं. पाणी माझ्या चुकीनं गेलं."

"अन् हे तुमाला कधी समजलं?"

शंकरसिंग काठीवर रेलून त्याच्याकडे बघत होता.

"नव्व्याण्णवच्या दिवाळीत."

"तवा हरिचंद होते का गेले होते?"

"होते."

"पूर्ण सांगा मालक. एकदम."

त्याने पूर्ण सांगितलं. की नव्व्याण्णवच्या दिवाळीत मला कळलं होतं हरिचंद चोर नाही, हरिचंद जिवंत होता, आणि मी गप्प राहिलो. मी त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. दोनदा पुरलं असतं. तिसऱ्यांदा माझ्यासाठी घेतलं.

मग त्याने हात जोडले आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आता तांड्याचं काय ते बघा."

"मी कुठं शब्द दिला होता? मी म्हणाले होते बाजारात या. आलात. बोललात. आता जा."

तो शंकरसिंगकडे वळला. शंकरसिंग तंबाखू मळत आभाळाकडे बघत होता.

मतमोजणीला आमच्या तांड्याच्या पेटीतून त्याला अकरा मतं निघाली. ती कुणाची, याचा आम्ही अजून शोध घेतोय. त्यानंतर पुष्कळांनी मला समजावलं, की धुरपताबाई, एवढा मोठा माणूस भर बाजारात हात जोडून उभा राहिला, तेवढ्यावर सोडायचं होतं. त्यांचं बरोबर असेल. मी सोडलं नाही.